चौथ्या पानावरचा वडीलधारा

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आमचं वर्तमानपत्र हाताला जड लागायचं. एरवी आठ पानांचं, त्या दिवशी सोळा, कधी वीस. वाढलेली पानं सगळी अभिनंदनाच्या जाहिरातींची. वर नेत्यांचे चौकोनी फोटो ओळीनं, मधे हात जोडलेला विजयी उमेदवार आणि खाली अर्धी गल्ली मावेल एवढी शुभेच्छुकांची यादी. चेहऱ्यांच्या या गर्दीतून वाट काढत चौथ्या पानावर आलं की डाव्या हाताला तो बसलेला असायचा. इतर कॉलमांपेक्षा जरा रुंद, टाइप एका पॉइंटानं मोठा, भोवती थोडी मोकळी जागा. त्याला फोटो नाही, खाली नाव नाही. लग्नघरात मांडवभर पळापळ चाललेली असावी आणि ओसरीवर खांबाला टेकून आजोबा बसलेले असावेत, तसा. नव्यानं घरात येणाऱ्यानं त्यांच्या पाया पडायचं, निघालेल्यानं त्यांना सांगून निघायचं.

हा अग्रलेख. आणि अग्रलेखांमधलाही मी म्हणतो तो एकच: महापालिकेत सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी छापून येणारा.

लातूरच्या एका दैनिकात अकरा वर्षं मी हे पान लावलं. पान लावायचं म्हणजे ऑपरेटरच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचं, मजकूर कॉलमात सोडायचा, चार ओळी जास्त झाल्या की कुठला शब्द कापता येईल ते शोधायचं, दोन ओळी कमी पडल्या की परिच्छेद तोडायचा. रोज एखाद्या माणसाला अंघोळ घालून कपडे चढवावेत, तसा मी त्याला तयार करत असे. त्यामुळे तो मला बाहेरून जेवढा ठाऊक आहे, तेवढाच आतूनही.

त्याचं घराणं जुनं. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 ला ‘दर्पण’ काढलं तेव्हा मराठीत वर्तमानपत्र म्हणजे काय हेच लोकांना समजावून सांगावं लागत होतं. 1881 मध्ये ‘केसरी’ आला आणि संपादकाचं मत हीच बातमीइतकी मोठी गोष्ट झाली. आमच्या मराठवाड्यात हा वारसा निजामी राजवटीशी झुंजून आला. अनंत भालेरावांसारखा संपादक ‘मराठवाडा’ दैनिकात लिहायचा तेव्हा खेड्यातले मास्तर पारावर बसून ते मोठ्यानं वाचत, आणि ऐकणाऱ्यांत निम्म्यांना अक्षरओळख नसे, हे मी माझ्या वडिलांकडून ऐकलं आहे. त्या काळापासून अग्रलेखानं एक सवय जपली. तो ‘मी’ म्हणत नाही, ‘आम्ही’ म्हणतो. नव्या पोरांना त्यात तोरा वाटतो. मला तसं कधी वाटलं नाही. घरातला मोठा माणूस ‘आमच्यात असं चालत नाही’ म्हणतो, तेव्हा तो आपल्या मागच्या चार पिढ्यांना साक्षीला बोलावत असतो. अग्रलेखाचं ‘आम्ही’ त्या जातीचं. खाली सही नसते, पण शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं असतात. 1867 च्या कायद्यानं ती छापावीच लागत. म्हणजे नाव न लावता बोलायची मुभा, आणि बोललेल्याची जबाबदारी मात्र पुरी.

विधानसभा, लोकसभेच्या निकालावर बोलताना त्याचा आवाज वेगळा लागतो. तिथे तो दुरून बोलतो आणि मुख्यमंत्र्यांनी किंवा पंतप्रधानांनी आपल्याला वाचलं असेल, असं तोही धरून चालत नाही. महापालिकेचं तसं नाही. काल निवडून आलेला नगरसेवक आज सकाळी दूध डेअरीवर भेटतो, पडलेला नगरसेवक शेजारच्या गल्लीत राहतो, आणि दोघांनीही चौथं पान उघडलेलं असतं. इथे प्रत्येक शब्दाला घराचा पत्ता असतो. म्हणून या दिवशीचा अग्रलेख लिहिणं मला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं काम वाटत आलं आहे.

2017 चा एप्रिल सांगतो.

लातूरची नगरपालिका 2011 मध्ये महानगरपालिका झाली. पुढच्या वर्षी पहिली निवडणूक झाली तेव्हा सत्तर जागांपैकी काँग्रेसच्या 49 आल्या, भाजपची एकही नाही. विलासराव देशमुखांचं गाव. दोनदा मुख्यमंत्री झालेला माणूस बाभळगावचा, म्हणजे शहराला लागूनच. 2012 च्या ऑगस्टमध्ये ते गेले, तरी ही गढी हलेल असं शहरात फार थोड्यांना वाटत होतं.

मग 2016 चा उन्हाळा आला. मांजरा धरण कोरडं पडलं. नळ बंद झाले. टँकर भरायच्या जागी हाणामाऱ्या होतील म्हणून मार्चमध्ये जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदी लावावी लागली. पाणी भरायला पाचाहून अधिक माणसांनी जमायचं नाही! 12 एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे ‘जलदूत’ आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख लिटर पाणी. पुढे वाघिणी पन्नास झाल्या. कृष्णाकाठचं पाणी साडेतीनशे किलोमीटर रुळांवरून लातूरला आलं, हे जगभर छापून आलं. त्या सकाळी स्टेशनवर मी होतो. वाघिणीच्या जोडातून धार गळत होती आणि एक बाई तिच्याखाली पितळी तांब्या धरून उभी होती. तांब्या भरल्यावर तिनं आधी त्या पाण्याला नमस्कार केला, मग घोट घेतला.

त्याच वर्षी परतीच्या पावसानं धरण भरलं. आणि 19 एप्रिल 2017 ला, रेल्वे आल्याला एक वर्ष नि आठवडा झाला असताना, महापालिकेचं मतदान झालं.

21 तारखेला शुक्रवारी मोजणी. आमच्या संपादकांनी (आम्ही त्यांना सर म्हणायचो) आदल्या रात्रीच एक खर्डा लिहून ठेवला होता. काँग्रेसच्या जागा घटतील पण सत्ता टिकेल, असा शहरातला अंदाज होता, खर्डाही त्याच अंगाचा. सकाळी अकरापर्यंत तो बरोबर वाटत होता. दुपारी कल पालटू लागले. मोजणी केंद्रावरच्या वार्ताहराचा फोन आला की मी पाटीवर आकडा पुसून नवा लिहायचो. शेवटी पाटीवर राहिलं ते असं: भाजप 36, काँग्रेस 33, राष्ट्रवादी 1. सत्तरात बहुमताला लागतात छत्तीस. बरोबर छत्तीस, एकही जास्त नाही. शून्यावरून छत्तीस.

सरांनी आदल्या रात्रीचा खर्डा पुसून टाकला आणि दुसरा लिहायला बसले. संध्याकाळी सातला तो माझ्याकडे आला. वाचला आणि मला अस्वस्थ वाटलं. लेख वाईट नव्हता. पण त्यात गढी ढासळली होती, लाट आली होती, मतदारानं धडा शिकवला होता, दिल्ली होती, मुंबई होती. लातूर मला सापडेना. अग्रलेखाच्या स्वभावातली ही खोड मी पुष्कळदा पाहिली आहे. मोठ्या प्रसंगाला तो कपाटातली जुनी जरीची पगडी काढून घालतो. तिच्याखाली चेहरा दिसत नाही. तयार शब्द त्याच्या हाताशी फार असतात, आणि घाईच्या रात्री तेच आधी हाताला लागतात.

मी एवढंच म्हणालो, ‘सर, लाट म्हणताय, पण आज परभणीचाही निकाल लागलाय.’ परभणीत पासष्टपैकी 31 जागा घेऊन काँग्रेस पहिली आली होती, राष्ट्रवादीच्या हातची सत्ता घेऊन. भाजपला तिथे आठच. त्याच दिवशी चंद्रपूरला भाजपचे 36 आले, ते लाटेत बसत होते. परभणी बसत नव्हती, म्हणून ती लेखात नव्हती. सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि न बोलता बाहेर गेले.

आमचं ऑफिस गल्लीत होतं. फाटकासमोरच पाण्याच्या लाइनचा वॉल्व्ह होता, लोखंडी झाकणाखाली. रात्री पाणी सोडायला मामा यायचे. महापालिकेचे वॉल्व्हमन, सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. खांद्यावर ती लांब टी-आकाराची चावी, कमरेला टॉर्च. त्या रात्री गुलालाची मिरवणूक मुख्य रस्त्यानं चालली होती, ढोल आमच्यापर्यंत ऐकू येत होता, आणि मामा वाकून झाकण उचलत होते. मी सरांच्या मागे दारात उभा होतो.

‘मामा, आज कितवा दिवस?’ सरांनी विचारलं.

‘आठवा हाय सर. वरच्या अंगाला धाव्वा. आज तुमच्याकडं सोडायलोय, उद्या तिकडं.’

‘धरणात तर पाणी आहे.’

‘धरणात हाय की. टाकीत यायला पायजे, टाकीतून लाइनीत यायला पायजे. लाइन जुनी हाय. निम्मं जिरायलंय.’ चावी खड्ड्यात उतरवून ते वळसे मोजू लागले. एक, दोन, तीन... अकराव्या वळशाला खाली पाइपात घुर्र आवाज झाला आणि गल्लीतल्या प्रत्येक घरातून बादल्या सरकवल्याचा आवाज उठला. मिरवणुकीच्या ढोलापेक्षा मला तो मोठा वाटला.

सर आत आले आणि माझ्या शेजारी, ऑपरेटरच्या खुर्चीत बसले. गढीचं वाक्य काढलं. लाटेचा परिच्छेद काढला. धडा शिकवल्याची ओळही गेली. तिथे त्यांनी जे लिहिलं त्याचा सारांश असा: काल रात्री या शहरातल्या एका गल्लीला आठव्या दिवशी पाणी मिळालं, दुसरीला ते दहाव्या दिवशी मिळणार आहे. धरण भरलेलं आहे. म्हणजे आता दोष पावसाचा नाही. जे गेले त्यांच्या हिशेबात ही जुनी लाइन आहे, आणि जे आले त्यांच्या हिशेबात आजपासून ती पडली आहे. नव्यांनी आठाचे किती दिवस केले, एवढंच आम्ही विचारत राहू.

मग त्यांनी गेलेल्यांसाठीही चार ओळी लिहिल्या. ते मला फार आवडलं. रेल्वेनं पाणी येत होतं त्या महिन्यांत वाटपासाठी ज्या नगरसेवकांनी रात्री जागवल्या, त्यात सत्ताधारी होते आणि विरोधकही होते, आणि त्यातले काही काल पडले, असं त्यांनी लिहिलं. पडलेल्या माणसाला पहिल्या पानावर जागा नसते. जाहिरातीत तर नाहीच. त्याला निरोप देणारा गावात एवढा एकच उरतो, चौथ्या पानावरचा. निवडून आलेल्याचं स्वागत आणि गेलेल्याचा निरोप एकाच बैठकीत, एकाच आवाजात करायचा, हे घरच्या वडीलधाऱ्याचंच काम.

शेवटचा परिच्छेद त्यांनी कायद्यावर लिहिला. मी तो कापू दिला नाही, खालचं स्फुट छोटं केलं. लोकांना वाटतं महापौर म्हणजे शहराचा मालक. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमात कार्यकारी अधिकार आयुक्तांचे आहेत, आणि आयुक्त राज्य सरकार पाठवतं. पैशाच्या मंजुऱ्या सोळा जणांच्या स्थायी समितीकडे. महापौराची मुदत अडीच वर्षं, तेही पद आरक्षणाच्या सोडतीनं ठरणार. 74 व्या घटनादुरुस्तीनं शहरांना आपलं सरकार दिलं, बाराव्या अनुसूचीत अठरा कामांची यादी दिली, पण त्यातली किती कामं खरोखर महापालिकेच्या हातात आली, हा प्रश्न 1993 पासून तसाच आहे. निवडून आलेल्याला दोष देताना त्याच्या हातात काय आहे हेही वाचकाला सांगायला हवं. नाहीतर दर पाच वर्षांनी आपण माणसं बदलत राहतो आणि गाठ असते तिथेच राहते.

पान रात्री अकरा वीसला सोडलं. सरांनी लाल बॉलपेननं दुरुस्त केलेली प्रूफ मी घडी घालून खिशात ठेवली. ती अजून माझ्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी शनिवारी सकाळी मी मुद्दाम गंजगोलाईत गेलो. सोळा रस्ते येऊन मिळतात त्या गोल बाजारात चहाच्या एका टपरीवर आमचा अंक असायचा, एकाच अंकाची चार पानं चौघांच्या हातात. चौथं पान एका हमालाच्या हातात होतं. शेजारच्याला तो म्हणाला, ‘हे बघ, आपल्या पाण्याचं लिवलंय.’ त्यानं भाजप, काँग्रेस काही म्हटलं नाही. अकरा वर्षांत मला मिळालेली सगळ्यात मोठी पावती ती.

अग्रलेखाचे दोष मी सांगितले पाहिजेत, कारण माझा जीव त्याच्यावर आहे.

एक तर तो विसरतो. शंभर दिवसांनी विचारू, असं लिहितो, आणि शंभराव्या दिवशी दुसराच विषय असतो. 2017 च्या त्या लेखातलं ‘विचारत राहू’ आम्ही किती वेळा पाळलं? दोनदा. एकदा पावसाळ्याआधी, एकदा दिवाळीत. मग राज्यातलं राजकारण पानावर आलं आणि आठवा दिवस मागे पडला. या विसरण्यानं महापालिकेतल्या सत्तांतराची किंमत निघून जाते, असं माझं ठाम मत आहे. मतदार पाच वर्षांतून एकदा बोलतो. मधल्या काळात त्याचं बोलणं कुणीतरी लक्षात ठेवायचं असतं. ते अग्रलेखानं ठेवलं नाही तर कुणी ठेवायचं?

दुसरं, त्याचं पोट. छोट्या शहरातल्या दैनिकाच्या उत्पन्नात महापालिकेच्या जाहीर निविदा, नोटिसा, कराच्या सूचना यांचा हिस्सा असतो. नवे पदाधिकारी आले की पहिल्या आठवड्यात जाहिरात विभागाचा माणूस त्यांच्या दालनात पुष्पगुच्छ घेऊन जातो. अग्रलेखाला हे कळत नाही असं नाही. त्या आठवड्यात त्याच्या वाक्यांत ‘अपेक्षा’ हा शब्द वाढतो आणि ‘जाब’ हा शब्द कमी होतो. सरांनी एकदा एका वाक्यातलं ‘अपेक्षा करू या’ खोडून ‘हिशेब द्यावा’ केलं, आणि त्या महिन्यात दोन निविदा दुसरीकडे गेल्या. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. मला जाहिरात विभागाकडून कळलं.

तिसरा दोष मुंबईकडे बघण्याचा. आणि त्याची खूण माझ्या मनात कायमची राहिली आहे.

22 नोव्हेंबर 2019. पुन्हा शुक्रवारच. राज्यातल्या अनेक महापालिकांत त्या दिवशी महापौरांच्या निवडी होत्या. लातुरात भाजपची मतं फुटली आणि काँग्रेसचे विक्रांत गोजमगुंडे महापौर झाले, भाजपमधून फुटलेले चंद्रकांत बिराजदार उपमहापौर. अडीच वर्षांपूर्वी मतपेटीतून झालेलं सत्तांतर सभागृहात हात वर करून उलटलं. छत्तीसचं काठावरचं बहुमत, ते असंच सुटणार हे ज्यांना आकडा कळत होता त्यांना कळत होतं. पण हा लहान प्रश्न नव्हता. 2017 च्या लातूरकरानं ज्या चिन्हावर बटण दाबलं, त्या चिन्हावर निवडून आलेला माणूस दुसऱ्या बाकावर जाऊन बसला, तर त्या मताचं काय झालं? स्थानिक संस्थांमधल्या पक्षांतराला आळा घालणारा 1986 चा कायदा आहे, तो वेळेवर का चालत नाही? ज्यांना महापौरपद मिळालं त्यांच्या आनंदात हा प्रश्न होता, ज्यांचं गेलं त्यांच्या रागातही होता. यावर अग्रलेख यायला हवा होता.

त्या संध्याकाळी मुंबईत तीन पक्षांचं उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याची बातमी आली. महिनाभर अडलेलं सरकार सुटलं, असं सगळ्यांना वाटलं. चौथं पान तिकडे गेलं. लातूरचा महापौर खाली स्फुटात आला, दहा ओळींत. मी भांडलो. सर त्या दिवशी रजेवर होते, आणि माझ्या बोलण्याला तेवढं वजन नव्हतं. रात्री पान सोडून घरी गेलो. शनिवारी सकाळी अंक दारात पडला तोवर राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी होत होता. आमचा अग्रलेख लोकांनी पहिला चहा घेण्याआधीच शिळा झाला होता. त्या दिवशी शिळं न झालेलं एकच होतं त्या पानावर, तळाशी कोपऱ्यातल्या त्या दहा ओळी. त्या मोठ्या असत्या तर वर्षभर टिकल्या असत्या. अजूनही मला त्याचं वाईट वाटतं.

पुढचं सगळ्यात जड आहे. 2022 च्या मे महिन्यात महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली नाही. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागरचनेचे बदलते निर्णय, तारखांवर तारखा. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, सगळीकडे तेच, राज्यभर प्रशासक. आयुक्तांनी मांडलेला अर्थसंकल्प प्रशासक म्हणून आयुक्तांनीच मंजूर करायचा, अशी साडेतीन वर्षांहून जास्त गेली. सभागृहाला कुलूप. ज्या बाकांवर बसून नगरसेवक पाण्यावरून घागरी फोडायचे, त्या बाकांवर धूळ.

त्या वर्षांत मी अग्रलेखाला पहिल्यांदा एकटा पाहिला. त्याच्याशी बोलायला समोर कुणी नव्हतं. स्वागत कुणाचं करायचं, निरोप कुणाला द्यायचा, जाब कुणाला विचारायचा? तो ‘प्रशासनाने लक्ष द्यावे’ असं लिहायचा, आणि ते वाक्य पत्त्याशिवाय टाकलेल्या पत्रासारखं फिरून परत यायचं. सत्तांतरावर तो कितीही जुने शब्द वापरो, त्याला सत्तांतर हवं असतं. म्हणजे निदान होण्याची शक्यता तरी हवी असते. ती नसली की त्याचं ‘आम्ही’ पोकळ वाजू लागतं, कारण त्यातले आम्ही मत देणारे असतो. त्या काळातच मी ते काम सोडलं. पान लावताना हात जड होऊ लागला होता.

2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्यायला सांगितलं, आणि 2026 च्या जानेवारीत, 15 तारखेला, राज्यातल्या 29 महापालिकांचं मतदान झालं. दुसऱ्या दिवशी निकाल. लातुरात काँग्रेसला पुन्हा बहुमत. 17 तारखेला सकाळी मी चार वर्तमानपत्रं विकत घेतली आणि प्रत्येकाचं ते पान काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडलं. मुंबईच्या निकालानं पानं व्यापली होती, ते साहजिक होतं. मी एकेक लेख बोट ठेवून वाचत गेलो. एखादा आकडा शोधत होतो. जागांचा नको, दिवसांचा.

वाचून झाल्यावर सरांना फोन केला. ते आता पुण्याला मुलाकडे असतात, ऐकायला थोडं कमी येतं. निकाल त्यांना ठाऊक होता. कोण जिंकलं, किती आले, यातलं त्यांनी काही विचारलं नाही.

‘पाणी कितव्या दिवशी येतंय?’ त्यांनी विचारलं.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयवर पाणी आलेल्या तारखेला माझी बायको पेनानं गोल करते. गेली पंधरा वर्षं करते. फोन कानाला धरून मी तिथे गेलो आणि गोल ते गोल घरं मोजली.

‘सहाव्या, सर.’

‘तारीख टाकून लिहून ठेवा,’ ते म्हणाले. ‘आणि मागच्या दोन महिन्यांचं बघा. एका महिन्यावर बोलता येत नाही.’

मागचे दोन महिने म्हणजे गेल्या वर्षाचं कालनिर्णय. ते एक तारखेलाच भिंतीवरून उतरलं होतं. ‘थांबा, बघतो,’ म्हणालो, फोन ओट्यावर ठेवला आणि माळ्यावरचा रद्दीचा गठ्ठा काढायला स्टूल ओढलं.